गच्चीवरची टाकी आणि नववीचे वर्ष

फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात, पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतून सुमारे १०,००० शाळांना अशी प्रयोगशाळा याआधीच मिळाली आहे. सहावी ते बारावीच्या मुलांनी तिथे हाताने वस्तू घडवाव्यात, अशी कल्पना आहे. मूळ योजनेत एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातले निम्मे उभारणीसाठी आणि निम्मे पुढील पाच वर्षांच्या खर्चासाठी असते. त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये, देशात सेमीकंडक्टरचे कारखाने उभे राहावेत म्हणून ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली होती. या दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात. परंतु उद्या त्या कारखान्यांत आणि त्यांच्याभोवतीच्या आरेखन-कंपन्यांत जे अभियंते लागणार आहेत, ते आज कुठेतरी नववीच्या बाकावर बसलेले आहेत. त्यांच्या हाती ट्रान्झिस्टर कधी येतो, हा प्रश्न म्हणून किरकोळ नाही.

पुस्तकातून तो येईल अशी आशा धरण्यात फारसा अर्थ नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुनर्रचित पुस्तकातले अर्धवाहकांचे प्रकरण डायोड आणि त्यापासून बनणाऱ्या रेक्टिफायरपाशी येऊन थांबते. ज्या घटकाने विसाव्या शतकाचा उत्तरार्ध घडवला, तो ट्रान्झिस्टर त्या प्रकरणात उरलेला नाही. राजस्थान मंडळाच्या शाळांतही एनसीईआरटीचीच पुस्तके चालतात. महाराष्ट्राच्या बारावीच्या पुस्तकात ट्रान्झिस्टर आणि लॉजिक गेट अजून आहेत, शिवाय कनिष्ठ महाविद्यालयांत द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाचा २०० गुणांचा इलेक्ट्रॉनिक्स हा विषय आहे. जयपुरातल्या मुलाला असा आधार सहजी मिळत नाही. तिथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर कोटा आहे, आणि दहावी संपता संपता अनेक घरांतले बोलणे त्या दिशेने वळते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी दोन वर्षे अशी द्यायची, की त्या दोन वर्षांत अभियांत्रिकीशी संबंध येऊ नये, हा आपल्या व्यवस्थेतला जुनाच विनोद आहे. त्यामुळे हातात सोल्डरिंगची इस्त्री धरायला उरते ते नववीचे वर्ष, आणि फार तर दहावीचे पहिले काही महिने.

अशा एका विद्यार्थिनीची कल्पना करावी. ती जयपुरात राहते. शहराला बहुतांश पाणी बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून येते, आणि ते ठरावीक वेळीच येते. म्हणून घरोघरी खाली हौद, वर गच्चीत टाकी आणि मध्ये पंप, अशी रचना असते. पंप सुरू करून माणसे विसरतात आणि टाकी वाहू लागते. वाळवंटाच्या सीमेवरच्या शहरात गच्चीवरून पाण्याचे ओघळ उतरताना पाहणे कोणालाही बोचते. शाळेच्या प्रयोगशाळेत ‘पाण्याची टाकी भरल्याची सूचना देणारे यंत्र’ हा प्रकल्प मुलांच्या हाती येतो, तो यामुळेच. तिने तो निवडला आहे.

मंडल साधे आहे. टाकीच्या तळाशी एक तांब्याची तार, तिला पाच व्होल्टची धन बाजू जोडलेली. टाकीच्या काठाजवळ दुसरी तार. ती ४७ किलोओमच्या रोधकातून बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला जाते. पाणी वरच्या तारेला टेकले की पाण्यातून आणि रोधकातून सुमारे ९० मायक्रोअँपिअर प्रवाह बेसमध्ये शिरतो. ट्रान्झिस्टर त्याला दोनशेच्या आसपास गुणतो, आणि कलेक्टरमधून एलईडी पेटवायला व छोटा बझर वाजवायला पुरेसा प्रवाह मिळतो. ब्रेडबोर्डवर हे सगळे अर्ध्या तासात जुळते. पेल्यात पाणी ओतले की बझर वाजतो. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे येतात, पेल्यात पाणी ओतले जाते, बझर वाजतो, छायाचित्र निघते. शालेय इलेक्ट्रॉनिक्सचा बहुतेक प्रवास इथेच संपतो, आणि तक्रार करायची तर ती नेमकी याच जागेबद्दल करायला हवी. येथवर जे झाले ती जोडणी होती. आरेखनाला अजून सुरुवातही झालेली नाही.

ते सुरू होते यंत्र गच्चीवर नेल्यानंतर. काही आठवडे ते नीट चालते, मग बझर क्षीण होतो, मग वाजेनासा होतो. ट्रान्झिस्टर बदलून पाहिला तरी फरक पडत नाही. मल्टिमीटरने एकेका बिंदूवरचे व्होल्टेज मोजत मागे मागे जावे, तेव्हा कळते की मंडल निर्दोष आहे आणि दोष पाण्यात आहे. तळाची तार बाहेर काढली तर ती हिरवट पडलेली आणि टोकाकडे झिजलेली दिसते.

याचे कारण तिने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आकृतीसह पाहिलेले असते: तांब्याचे विद्युत-अपघटनी शुद्धीकरण. धनाग्राचे तांबे विरघळते आणि ऋणाग्रावर जाऊन बसते. गच्चीवरची टाकी तोच धडा, कोणी न सांगता, रोज गिरवत होती. येथे हिशेब मांडण्यासारखा आहे. ९० मायक्रोअँपिअर म्हणजे नगण्य प्रवाह असे वाटते. पण टाकी रोज सहा तास भरलेली राहिली, तर दिवसाला सुमारे दोन कूलोम आणि महिन्याला सुमारे ५८ कूलोम विद्युतभार त्या तारेतून पाण्यात उतरतो. फॅरेडेच्या नियमाने एक कूलोम सुमारे ०.३३ मिलिग्रॅम तांबे विरघळवतो. म्हणजे महिन्याला १९ मिलिग्रॅम. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या तारेचे एक सेंटिमीटर लांबीचे वजन साधारण तितकेच, १७-१८ मिलिग्रॅम, भरते. सगळा भार तांबे विरघळवण्यातच खर्ची पडला असे धरले, तर दरमहा सेंटिमीटरभर तार घरच्या वापराच्या पाण्यात जाते. (प्रत्यक्षात तारेवर क्षारांचा आणि ऑक्साइडचा थरही बसतो, त्यामुळे झीज कमी-अधिक होते, पण तो थरच मग प्रवाह अडवतो.) परीक्षेसाठी पाठ केलेला एक नियम आणि गच्चीवर बिघडलेले एक यंत्र यांची अशी गाठ पडते, तेव्हा मुलीच्या डोक्यात जे घडते, त्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पोहोचता येत नाही.

उपाय अनेक आहेत आणि त्यांतला कोणताही फुकट मिळत नाही. स्टेनलेस स्टीलची सळई वापरता येते. ती झिजते कमी, पण थर तिच्यावरही बसतो. दर सेकंदाला फक्त दहा मिलिसेकंदच प्रवाह सोडून पाणी तपासावे, म्हणजे झीज शंभरपट उतरते. एवढी छोटी स्पंदने देण्यासाठी पुन्हा एक मंडल हवे. तिथे प्रवेश होतो ५५५ या टायमरचा. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली ही चिप आजही मुलांच्या हाती येणाऱ्या पहिल्या चिपांपैकी असते. तिच्यातल्या पाच किलोओमच्या तीन रोधकांवरून तिला हा आकडा मिळाला, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. स्वतः कामेनझिंड यांनी मात्र, तो आकडा सहज निवडलेला होता, असे सांगितले आहे. तरीही ५५५ ची स्पंदने शून्य आणि धन यांच्यामध्येच फिरतात, म्हणजे सरासरीने प्रवाह एकाच दिशेचा राहतो. मार्गात एकसर एक धारित्र घातले, की एकदिश प्रवाह अडतो आणि पाण्यातून आलटून-पालटून दोन्ही दिशांनी जाणारा प्रवाहच उरतो. नॅशनल सेमीकंडक्टरने एलएम १८३० या नावाने द्रवाची पातळी ओळखणारी एक चिपच बाजारात आणली होती. ती याच कारणाने संवेदक तारांना प्रत्यावर्ती प्रवाह देत असे. गच्चीवर अडलेली विद्यार्थिनी व्यावसायिक अभियंत्यांना पडलेल्या प्रश्नापाशीच येऊन पोहोचलेली असते, फक्त तिला ते कोणी सांगितलेले नसते.

हे सांगणारे माणूस शाळेत असणे, ही या योजनेची खरी गरज आहे. थ्रीडी प्रिंटर निविदा काढून आणता येतो. फसलेल्या मंडलाकडे पाहून “आता धनाग्राची तार बघ” एवढेच म्हणणारा आणि पुढचे उत्तर गिळून टाकणारा शिक्षक निविदेतून मिळत नाही. जयपुरात असे ज्ञान शाळेबाहेर मुबलक आहे. जयंती मार्केटमधल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड धरून बसलेली माणसे, मंडलाचा नकाशा हाताशी नसतानाही दोष शोधतात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पिढ्यान्‌पिढ्या मुले असेच शिकत आली. त्यांच्या हातचे सोल्डरिंग पाहावे: आधी तार आणि बोर्डावरची टिकली तापवायची, मग सोल्डर लावायचा, म्हणजे तो स्वतःहून पसरतो. नवशिका मूल उलट करते. इस्त्रीवर सोल्डर वितळवून तो थंड टिकलीवर ठेवते. गोळा सुंदर बसतो आणि आत हवा राहते. तांबट-कासारांच्या भाषेत याला डाख नीट न धरणे म्हणतात; नियम तोच आहे.

तारेचा प्रश्न सुटला असे समजावे. दुसरी आवृत्ती गच्चीवर जाते. आता तिच्यात वायफायचा तुकडा आहे, म्हणजे टाकी भरली की फोनवर निरोप येतो. सगळे मिळून २०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. खालून १२ व्होल्टचा अॅडाप्टर, आणि बोर्डावर ७८०५ हा नियामक, जो १२ चे ५ व्होल्ट करतो. जानेवारीत सगळे उत्तम चालते. मे महिन्यात दुपारी बंद पडते आणि संध्याकाळी आपोआप सुरू होते. घरातले म्हणतात, वायफायच गेले असेल.

उत्तर एका गुणाकारात आहे. ७८०५ उरलेले सात व्होल्ट उष्णतेत उधळतो: ७ गुणिले ०.२, म्हणजे १.४ वॅट. या चिपला उष्णताशोषक पट्टी लावलेली नसेल, तर दर वॅटमागे ती भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ६५ अंश सेल्सिअसने तापते. १.४ वॅटला ९१ अंश. पाठ्यपुस्तकातली हवा नेहमी २५ अंशांची असते. तिथे चिपच्या आतले तापमान ११६ होते, आणि तिची मर्यादा १२५ आहे. बेरीज जमते. जयपूरच्या मे महिन्यात हवा ४५ अंशांची असते, म्हणजे १३६. आणि उन्हात ठेवलेल्या प्लास्टिकच्या बंद डब्यात ६० अंश झाले, तर १५१. तिथे चिप स्वतःला वाचवण्यासाठी प्रवाह तोडते, निवते आणि पुन्हा सुरू होते. मंडलात चूक एकही नाही, जोडणी निर्दोष आहे; चूक फक्त ‘भोवतालचे तापमान’ या न वाचलेल्या ओळीत होती. माहितीपत्रकाच्या त्या ओळीला जयपूरचे उत्तर वेगळे, महाबळेश्वरचे वेगळे. संचाच्या खोक्यातल्या सूचना दोन्हीकडे सारख्याच असतात.

मग पुन्हा पर्याय. घरात पडलेला फोनचा पाच व्होल्टचा चार्जर थेट का वापरू नये? नियामकच नको. पण खालच्या खोलीपासून गच्चीपर्यंत १५ मीटर तार, जाऊन-येऊन ३०. तार पातळ, ०.२ चौरस मिलिमीटरची असेल, तर तिचा रोध सुमारे २.६ ओम होतो आणि २०० मिलिअँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच मरतो. वर पोहोचतात साडेचार व्होल्ट. वायफायचा तुकडा निरोप पाठवण्याच्या क्षणी जास्त प्रवाह ओढतो, तेव्हा त्याहूनही कमी. नऊ व्होल्टचा अॅडाप्टर घेतला, तर तारेतली घट सोडून दिली तरी ७८०५ वर फक्त ०.८ वॅट पडतात, तापमान ५२ अंशांनी चढते, आणि साठ अंशांच्या डब्यातही चिप ११२ वर राहते. डबा टाकीच्या सावलीत हलवला तर अजून कमी. नववीच्या मुलीला गुणाकार येतो, ओमचा नियम दहावीत येणारच असतो. आरेखन म्हणजे हेच गुणाकार, योग्य वेळी आणि तार कापण्याआधी केलेले.

याच शहरात, तिच्या घरापासून काही किलोमीटरवर, उपकरण-आरेखनाचे एक अठराव्या शतकातले उदाहरण उघड्यावर उभे आहे. सवाई जयसिंहांनी आधी पितळी उपकरणे करवून पाहिली. त्यांचे आकार लहान, आस झिजतात, मध्यबिंदू सरकतो, वेध चुकतो, असे त्यांच्या लक्षात आले आणि ते ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदले गेले. म्हणून जंतरमंतर दगड-चुन्यात बांधले गेले. सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर आहे, त्याच्या चापावर सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, आणि त्यावरचे सर्वांत बारीक विभाग दोन सेकंदांचे आहेत. पण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. चापाची त्रिज्या सुमारे १५ मीटर. इतक्या अंतरावर सावलीची कडा दहा सेंटिमीटरहून अधिक पुसट होते. उपकरण जितके मोठे कराल, तितकीच ती पुसट पट्टीही मोठी होते. दगडाने झीज थांबवली, ही मर्यादा मात्र थांबली नाही. तिच्यासाठी सावलीच्या कडेजवळ दोरा धरून वाचन करण्यासारख्या वेगळ्या युक्त्या लागतात. जयसिंहांच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. टॉलेमीच्या आणि युक्लिडच्या ग्रंथांना अरबीतून संस्कृतात आणण्याचे काम त्यांचे. पहिली आवृत्ती का चुकली हे लिहून ठेवणारा दरबार आणि परक्या भाषेतले माहितीपत्रक वाचू शकणारा पंडित, अशी ती जोडी होती. सहलीला आलेल्या मुलांना मात्र तिथे बहुधा फक्त ‘जगातले सर्वांत मोठे’ एवढेच ऐकवले जाते.

महाराष्ट्रात या शिक्षणाची दुसरी वाट पाबळला निघाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट घेतली, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केले, आणि १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी जे करायचे ते गावातल्या खऱ्या माणसाची गरज भागवणारे असावे, हा तिथला आग्रह होता. खऱ्या गिऱ्हाइकाकडे नेलेली वस्तू बिघडली की परत येते. प्रदर्शनातली वस्तू परत येत नाही. ती कपाटात जाते. २००२ मध्ये एमआयटीच्या पुढाकाराने फॅब लॅबचे जाळे उभे राहू लागले, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या पहिल्या काही प्रयोगशाळांत पाबळ होते. संगणकावर चालणारी कापणी-यंत्रे तिथे आली, तोवर गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या वस्तू उघडून बघण्याची सवय जुनी झालेली होती.

५०,००० प्रयोगशाळांकडे पाहताना म्हणून यंत्रांच्या यादीपेक्षा दोन क्षुल्लक गोष्टी तपासाव्याशा वाटतात. एक, खर्चाच्या निम्म्या अनुदानातून जळालेले भाग बदलायला शिक्षक घाबरतो का. ज्या शाळेत प्रत्येक ट्रान्झिस्टरची नोंद साठा-वहीत होते आणि तुटल्याचा जाब विचारला जातो, तिथे कपाट बंद राहते, आणि त्यात दोष शिक्षकाचा नसतो. दुसरी, एकाच मुलाला त्याच यंत्राची दुसरी आणि तिसरी आवृत्ती करायला वेळ मिळतो का, की दरवर्षी नवा प्रकल्पच हवा असतो. मुलींच्या बाबतीत तिसरीही एक बाब आहे. गटात चार जण असले, की इस्त्री मुलाच्या हाती आणि वही मुलीच्या हाती, हे वाटप कोणी न ठरवता होते.

तिसऱ्या आवृत्तीबद्दल थोडे. विद्यार्थिनीने आता पाण्यात विजेची तार घालायचीच नाही असे ठरवले आहे. एका प्लास्टिकच्या नळीत तरंगणारा फुगीर तुकडा, त्यात चुंबक. नळीच्या वरच्या टोकाशी, बाहेरच्या बाजूने, रीड स्विच. काचेच्या इवल्या नळीत दोन लोखंडी पात्या असतात, चुंबक जवळ आले की त्या एकमेकींना चिकटतात. झीज नाही, थर नाही, ५५५ नाही, ट्रान्झिस्टरही नाही. दोन तारा खाली स्वयंपाकघरापर्यंत येतात, तिथे पाच व्होल्टचा जुना चार्जर आणि बझर. वायफाय गेले, ७८०५ गेला, तापलेला डबा गेला. २३० व्होल्टच्या पंपाला तिने हात लावलेला नाही, तो बंद करायला माणूसच जातो. या वयात ते तसेच बरे. पहिल्या आवृत्तीपेक्षा या यंत्रात इलेक्ट्रॉनिक्स कमी आहे, आणि ते आखायला तिला आठ महिने लागले.

शाळेच्या परीक्षकाला हे यंत्र बहुधा साधे वाटेल. शेजारच्या टेबलावर रंगीत दिव्यांचा रोबो असेल. तिच्या वहीत मात्र मेमधल्या एका दुपारची नोंद आहे, डब्याच्या आतले तापमान दर अर्ध्या तासाने लिहिलेले, आणि शेवटच्या रकान्यात कोणत्या वेळी यंत्र बंद पडले ते. जुलैत दहावीचे वर्ग सुरू झाले. रीड स्विचची तार गच्चीच्या कठड्यावरून खाली येताना एका कोपऱ्यावर घासते, तिथे तिने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आहे.